खुशालराव सीडी प्लेअर निवडतात

खुशालराव निंघोटांना घरात वाजवायला एक सीडी प्लेअर घ्यायचा होता. बस, एवढंच. रिटायर झालेल्या माणसाला काय काय सुचतं. कोणाला चिखलदऱ्यात प्लॉट पाहिजे असतो, कोणाला सोसायटीचं अध्यक्षपद पाहिजे असतं. खुशालरावांना एक खोकं पाहिजे होतं, ज्यात चकती टाकली की आतून आवाज येतो. आणि तेवढ्या खोक्यापायी या सज्जन माणसाने चैत्रापासून कोजागिरीच्या तोंडापर्यंत अख्खी अमरावती पालथी घातली, शेजाऱ्याची गाडी नासवली आणि सख्ख्या भावाच्या वावरात मजूरबायांकडून हसं करून घेतलं. हसं झालं त्याचं काही नाही, माणसाचं ते होतच असतं. पण शेवटी जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगायला बसलो.

चैत्रात त्यांनी बायकोला, जाईबाईंना, कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या आणि बाहेर येऊन सांगितलं, की दोन्ही कानांची नस वाळत चालली आहे. मशीन लावून उपयोग नाही; आवाज मोठा होईल, पण भांड्यांच्या दुकानात बसल्यासारखं वाटेल, शब्द कळणार नाही. दिवाळीपर्यंत थोडंफार राहील, तेही नक्की नाही. परत येताना राजापेठेजवळ ऑटो गर्दीत थांबला तेव्हा जाईबाई म्हणाल्या, "कान जातीन त जाऊ द्या. पन जायच्या आंधी मले शकुनचं गानं एक डाव ऐकू द्या. बाकी काई मांगत नाई मी."

शकुन म्हणजे जाईबाईंची मोठी बहीण. अकोल्याला जठारपेठेत राहायची. दोघी बहिणी लहानपणापासून भुलाबाईची गाणी जोडीने म्हणत आलेल्या. भादव्याच्या पुनवेला भुलाबाई बसली की कोजागिरीपर्यंत महिनाभर घरोघरी गाणी म्हणायची, टिपऱ्या वाजवायच्या, डब्यात झाकून ठेवलेली खिरापत ओळखायची. लग्नं झाली, पोरं झाली तरी दोघींनी ते सोडलं नाही. एका वर्षी जाईबाईंचा पाय मोडला आणि त्यांना अकोल्याला जाता आलं नाही, तेव्हा शकुनने आपल्या मुलाच्या, ललितच्या, कॉम्प्युटरसमोर बसून सगळी गाणी म्हटली आणि त्याची सीडी करून बहिणीला पाठवली. एकच सीडी. जाईबाई ती दुपारची स्वयंपाकघरात लावायच्या. खुशालराव तेव्हा ऑफिसात असायचे, त्यामुळे त्यांनी ती कधी ऐकली नव्हती. पुढे घरातलं मशीन बंद पडलं, ते भंगारवाल्याला दिलं, आणि दोन वर्षांमागे शकुनही गेली. फोटो उरले, साड्या उरल्या. ललितचा तो कॉम्प्युटरही केव्हाच मोडीत गेला होता; आवाज तेवढा त्या सीडीत होता.

डॉक्टरकडून आले त्याच दिवशी संध्याकाळी जाईबाईंनी सुचवलं की ललितला फोन करा, त्याच्याकडे शकुनचं जुनं मशीन नक्की असेल. खुशालरावांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. आता इथे थांबून एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. शकुनच्या तेरवीला टोपी-दुपट्टा देताना ललितने मानाचा पहिला दुपट्टा आपल्या ऑफिसच्या साहेबांना घातला आणि दुसरा खुशालरावांना. ज्या माणसाने त्या बाईला जन्मात पाहिलं नाही तो पहिला, आणि तिच्या पाठच्या बहिणीचा नवरा दुसरा! खुशालराव बोलले काहीच नाहीत. जेवलेसुद्धा, कारण अन्नावर राग काढू नये. बुंदी दोनदा घेतली. पण निघताना त्यांनी 'येतो' म्हटलं नाही, आणि त्या दिवसापासून अकोल्याचं नाव टाकलं. ललितने आधी फोन करावा, चूक झाली म्हणावं, मग बघू, असं त्यांचं धोरण होतं. ललितचा फोन आला नाही. त्यामुळे सीडी प्लेअर बाजारातून घ्यायचा असं ठरलं.

खुशालरावांची अख्खी नोकरी पाटबंधारे खात्याच्या भांडार शाखेत गेली होती. तीन दुकानांची दरपत्रकं आल्याशिवाय त्या शाखेत खिळासुद्धा विकत घेतला जात नसे. रिटायरमेंटच्या दिवशी खात्याने त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, पण ही सवय काही काढून घेतली नाही. घरातला कुकर त्यांनी तीन दरपत्रकांवर घेतला होता. पोराच्या, अश्विनच्या, लग्नात घोडासुद्धा तीन घोड्यांमधून निवडला होता, आणि वरात तोपर्यंत मारुतीच्या देवळापाशी उभी होती. तेव्हा सीडी प्लेअरसारखी नाजूक वस्तू ते असे उचलून आणतील ही आशाच नको.

शिवाय दुकानात मशीन वाजवून बघायचं म्हणजे सीडी लागणार. शकुनची अस्सल सीडी दहा दुकानदारांच्या हातात द्यायची, तिच्यावर चरे पाडून घ्यायचे, हे त्यांना पटेना. त्यांनी कपाटातल्या जुन्या सीड्यांमधून एक बिनकामाची निवडली. कधीतरी एका शेतकरी मेळाव्यात फुकट वाटलेली, संत्र्यावरच्या डिंक्या रोगावर एका तज्ज्ञांचं भाषण असलेली. ती त्यांनी शकुनच्या कव्हरात घातली, चाचणीसाठी. आणि शकुनची सीडी डिंक्याच्या कव्हरात घालून जुन्या गठ्ठ्यात ठेवली. कोणी चोरायचं म्हटलं तरी डिंक्या कोण चोरणार, असा त्यात विचार होता. हे काम करून ते समाधानाने झोपाळ्यावर बसले. इतकी काळजी घेणारा नवरा अमरावतीत दुसरा नसेल, असं त्यांना मनापासून वाटलं.

पहिल्या दुकानात विक्रेत्याला सीडी प्लेअर हवा म्हटल्यावर त्याने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने मालकाला. मालकांनी जुन्या रेडिओसारखा दिसणारा एक डबा दाखवला. त्यात सीडी टाकायला जागा नव्हती, पण हजारो गाणी आधीच भरलेली होती, काही टाकायची गरजच नाही म्हणाले. खुशालरावांनी विचारलं, यात आमच्या मेव्हणीचं गाणं आहे का. मालकांनी अदबीने कलाकाराचं पूर्ण नाव विचारलं. खुशालरावांनी ते सांगितलं, मालकांनी ते मोबाईलमध्ये टाकून पाहिलं, आणि दोघंही थोडा वेळ त्या पडद्याकडे बघत उभे राहिले. नाव निघालं नाही.

दुसऱ्या दुकानातलं मशीन टीव्हीला जोडल्याशिवाय बोलत नव्हतं, आणि खुशालरावांच्या नव्या टीव्हीला त्याच्या तीन रंगांच्या वायरी खुपसायला भोकंच नव्हती. तिसरं दुकान राजकमल चौकाजवळ. तिथे शोकेसमध्ये मांडलेला एकच नग होता, धूळ खात पडलेला, पण लावला तसा खणखणीत वाजला. कव्हरावर 'भुलाबाई' लिहिलेलं, आणि आतून तज्ज्ञ सांगू लागले की झाडाच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. दुकानातलं एक अंजनगावकडचं गिऱ्हाईक हातातली पिशवी खाली ठेवून ऐकतच राहिलं. मशीन चांगलं होतं. तेव्हाच उचलायला पाहिजे होतं. पण खुशालरावांना आढळून आलं की पहिल्या दुकानात सीडी प्लेअर नव्हता, दुसऱ्या दुकानातला चालणार नव्हता, म्हणजे तुलनेला पत्रक एकच उरलं. एका पत्रकावर खरेदी कशी करायची? ते म्हणाले, विचार करून येतो. विचार करून ते आले तेव्हा तो नग गेला होता. त्या अंजनगावच्याच माणसाने नेला, असं दुकानदार म्हणाला.

त्या दिवशी जाईबाईंनी चहा दिला, काय झालं विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेतलं म्हणजे त्यांच्या तोंडाकडे बघत घेतलं. आताशा त्या असंच ऐकायच्या. "बरं," म्हणाल्या, "पाह्यजा दुसरीकडं. पन लवकर पाह्यजा." खुशालरावांनी जोरात मान हलवली.

वरच्या मजल्यावर जीवन तायडे राहतात, जिल्हा परिषदेत इंजिनिअर. त्यांचं म्हणणं पडलं की हे सगळं लॅपटॉपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. त्यांनी स्वतःचा लॅपटॉप आणला, चारही बाजूंनी फिरवून बघितला, आणि चकती शिरेल अशी फट त्याला नाही हे त्यांनाही तेव्हाच कळलं. पुण्याहून अश्विन फोनवर म्हणाला, बाबा, तुम्ही उगाच फिरता, मी ऑनलाइन मागवतो. मशीन आलं. खुशालरावांनी खोकं उघडलं, मशीन लावलं, ते लागलं नाही. वस्तू नापास. मग त्यांनी नोकरीभर केलं तेच केलं: जाड्या मार्करने खोक्यावर 'तपासले, नापास' असं लिहिलं, खाली तारीख टाकून लफ्फेदार सही केली. परत न्यायला आलेल्या माणसाने खोकं बघितलं आणि हात जोडले. खोक्यावर काही लिहिलेलं असेल तर माल परत घेता येत नाही. खुशालराव त्याला समजावू लागले की बाबा, सही नसलेला माल परत जातो कसा हेच आम्हाला कधी कळलं नाही. तो गेला. मग पुण्याला फोन, कंपनीला फोन, कंपनीकडून एक नंबर मोबाईलवर येणार, तो सांगायचा, तो सांगेपर्यंत जुना व्हायचा. मृग लागला, संपला, आणि ते नापास मशीन दिवाणाखाली जाऊन बसलं.

श्रावणात तायड्यांना एकदम आठवलं की त्यांच्या जुन्या गाडीत सीडी लागते. मग काय! जाईबाईंना नवी साडी नेसायला लावून पुढच्या सीटवर बसवलं. काचा वर केल्या, म्हणजे बाहेरचा आवाज नको. तायड्यांनी हात पुढे केला, सीडी द्या. पण खुशालराव भांडार शाखेचा माणूस. म्हणाले, आधी चाचणी. त्यांनी डिंक्याची सीडी आत सारली. ती गेली, तज्ज्ञ बोलू लागले, आणि मग काही केल्या बाहेर येईना. बटण दाबलं, चिमटा घातला, पोस्टकार्ड घातलं. गाडीने सीडी सोडली नाही. खुशालराव विजयी मुद्रेने जाईबाईंना ओरडून सांगत होते, पाहिलं, शकुनची टाकली असती तर गेली असती की नाही! जाईबाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्या नवी साडी सावरत गाडीतून उतरल्या आणि घरात गेल्या. पुढे तायड्यांनी गाडी सुरू केली की डिंक्या सुरू व्हायचा. ते ऑफिसला जाताना संत्र्याची छाटणी ऐकत जायचे, सासुरवाडीला जाताना बुंध्याला लावायची बोर्डो पेस्ट ऐकत जायचे. शेवटी त्यांनी मेकॅनिककडून वायरच कापून टाकली, आणि खुशालरावांशी थोडं कमी बोलायला लागले.

आता शकुनची सीडी डिंक्याच्या कव्हरातून काढून तिच्या तिच्या कव्हरात घालायचं काम राहिलं होतं. उद्या करू म्हणून ते राहिलं. मधेच पोळा आला आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ शेषराव अंजनगावहून आला. त्याच्या ज्वारीवर पाखरांचा त्रास. जुन्या सीड्या दोरीला बांधून वावरात लटकवल्या की उन्हात चमकतात, पाखरं बसत नाहीत. दादाकडे असतील तर हव्या होत्या. दादाकडे होत्या. दादा तर पोळ्याच्या पुरणपोळीने आणि भावाच्या प्रेमाने भरून आलेले. त्यांनी अख्खा गठ्ठा उचलून पिशवीत घातला. हवी ती सीडी कपाटात कुलपात आहे, ही खात्री होती. कपाटात कुलपात शकुनचं कव्हर होतं. ते रिकामं होतं.

भादव्याची पुनव झाली. गल्लीतल्या पोरींनी भुलाबाई मांडली आणि संध्याकाळी गाणी म्हणत दारोदार फिरू लागल्या. निंघोटांच्या दारातही आल्या. जाईबाईंनी त्यांना खिरापत दिली, कौतुकाने बघत उभ्या राहिल्या, पण ओठ हलले नाहीत. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी खुशालराव पेपर वाचत होते आणि कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. त्यांनी दोनदा हाक मारली. मग उठून स्वयंपाकघरात गेले. जाईबाई गॅसजवळ उभ्या राहून कोहळं चिरत होत्या, कुकर त्यांच्या हातभर अंतरावर ओरडत होता. खुशालरावांनी गॅस बंद केला तेव्हा त्यांनी वर पाहिलं. कुकरकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"दोन दिवस झाले," जाईबाई म्हणाल्या. "तुमाले मुद्दामच सांगतलं नाई. तुमी हिंडूनच राहिले होते न."

खुशालरावांनी पायात चपला घातल्या आणि बसस्टँड गाठलं. टोपी घातली नाही, दरपत्रक घेतलं नाही, पाण्याची बाटली घेतली नाही. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा सगळे चहाला उतरले, ते खिडकीशी बसून राहिले. डॉक्टर म्हणाले होते की एखाद्या दिवशी कान थोडा उघडतोही, मोठा आवाज थोडा कळतोही. तेवढ्या एका वाक्यावर ते अकोल्याला निघाले होते. ललितसमोर काय बोलायचं ते त्यांनी वाटेत चार तऱ्हांनी जुळवून पाहिलं. मान खाली घालायची तर घालू, असं शेवटी ठरवलं.

जठारपेठेत ललितने दार उघडलं आणि वाकून पाया पडला. मावसाजी आले म्हणून त्याची बायको, माया, लगबगीने पाणी घेऊन आली. बैठकीत कोपऱ्यातल्या टेबलावर, क्रोशाच्या रुमालाखाली, शकुनचं मशीन होतं. चालू होतं. रविवारी ललित त्यावर जुनी गाणी लावायचा. खुशालरावांनी कसंबसं सांगितलं, काय पाहिजे आणि कशासाठी पाहिजे. ललित रुमाल काढून वायर गुंडाळायलाच लागला.

"मावसाजी, चैत्रातच फोन कराचा होता," तो म्हणाला. "मी त्याच दिवशी आनून देल्लं असतं."

खुशालराव म्हणाले, तेरवीच्या वेळी जे झालं त्यामुळे मन धजत नव्हतं. ललितने विचारलं, काय झालं होतं? तो खरोखरच विचारत होता. त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. आई गेलेली, घरात पाहुणे, कोणाला आधी दुपट्टा घातला आणि कोणाला नंतर, हे त्याला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आताही आठवत नव्हतं. मावसाजी येत नाहीत, म्हणजे मावशीच्या तब्येतीमुळे जमत नसेल, असं तो धरून चालला होता. दोन वर्षं खुशालराव मन लावून रुसले होते आणि तो रुसवा अकोल्याला पोचलाच नव्हता. ते सोफ्यावर बसले आणि त्यांना रडू आलं. मायाने त्यांच्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला. ललितला वाटलं, मावसाजींना आईची आठवण आली.

मशीन मांडीवर घेऊन ते अमरावतीला आले, टेबलावर ठेवलं, जाईबाईंना समोर बसवलं, कुलूप काढलं, शकुनचं कव्हर उघडलं. आत काहीच नव्हतं. मग हळूहळू सगळं लक्षात आलं: गाडी, डिंक्या, गठ्ठा, पोळा, शेषराव. जाईबाईंनी हाताने विचारलं, काय झालं? खुशालरावांनी तळहात दाखवून 'थांब' अशी खूण केली आणि सकाळच्या पहिल्या बसने अंजनगाव गाठलं.

शेषरावाची ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. दोऱ्या बांधून जागोजागी सीड्या लटकवलेल्या, वारा आला की सगळ्या एकदम फिरत आणि उन्हाचे कवडसे डोळ्यांत जात. पाखरं वावरात नव्हती, ती सगळी वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या बाभळीवर बसून बघत होती. खुशालराव एकेका सीडीपाशी जात, ती हातात धरत, उलटी करून बघत, आणि पुढे सरकत. मार्करची अक्षरं उन्हापावसाने धुऊन गेली होती. धुऱ्यावरचं गवत कापणाऱ्या बाया हातातले विळे थांबवून पाहू लागल्या. एकीने शेषरावाला विचारलं, की भाऊसाहेब कोणती सीडी शोधून राहिले, लग्नाची का? बाया खूप हसल्या. शेषराव हसला नाही, कारण त्याने भावाचा चेहरा पाहिला होता. त्याने विळा घेतला आणि एका टोकाकडून सगळ्या दोऱ्या कापायला सुरुवात केली. दोघा भावांनी सगळ्या सीड्या पोत्यात भरल्या. वावर तसंच उघडं पडलं. खुशालराव पोतं घेऊन वळले तेव्हा पाखरं ज्वारीवर उतरायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मशीनसमोर बसले. एकेक सीडी ओल्या फडक्याने पुसायची, आत टाकायची, बटण दाबायचं. काही मुळीच लागल्या नाहीत. एकीत अश्विनचा इंग्रजी बोलायचा कोर्स निघाला, एकीत कुठल्याशा लग्नाची सनई. जाईबाई समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. दुसरं काही बघण्यासारखं नव्हतंच. आणि मग शकुनचा आवाज खोलीत आला. जाडा, थोडा घोगरा, कामाच्या घाईत म्हटल्यासारखा. खुशालरावांनी फडकं खाली ठेवलं.

त्यांचा चेहरा बघून जाईबाईंनी ओळखलं. खुर्ची पुढे ओढली, मशीनवर तळहात ठेवला, डोळे मिटले. खुशालरावांनी आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला. खिडकीची तावदानं थरथरली. वरून तायडे तरातरा खाली आले, दारात थांबले, आत पाहिलं, आणि आवाज न करता परत गेले. जाईबाईंनी डोळे उघडले.

"नाई," त्या म्हणाल्या. "काईच नाई." दूधवाला आला नाही म्हणून सांगावं, तसं म्हणाल्या. खुशालरावांना तोंड लपवायला जागा सुचेना. त्यांनी आवाज कमी केला आणि तसेच ऐकत बसले, पहिल्यांदाच. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की शकुन एक ओळ म्हणते आणि गप्प होते. पुन्हा एक ओळ, पुन्हा गप्प. त्यांना वाटलं, चऱ्यांमुळे होतं. सीडी काढून पुसली, फुंकर मारली, पुन्हा लावली. तेच. त्यांनी जाईबाईंकडे तोंड करून, ओठ मोठे हलवून, हातवारे करून सांगितलं: गाते, थांबते, गाते, थांबते. खराब झाली.

जाईबाईंनी मान हलवली. "खराब नाई झाली. ते माही जागा हाये. ते एक म्हन्ते, मंग मी म्हन्तो. तिनं जागा ठेवून देल्ली होती."

मग त्यांनी विचारलं, कोणतं गाणं चालू आहे? आता आली का पंचाईत! भांडार शाखेतल्या माणसाने आयुष्यात भुलाबाईचं गाणं म्हटलेलं नाही. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि उभं राहून करून दाखवलं: डोक्यावर घागर घेतली, विहिरीवर वाकले, पाय घसरला, हातातल्या बांगड्या फुटल्या, सासूने कमरेवर हात ठेवून विचारलं. जाईबाईंच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं. त्यांनी हात टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "कळलं. तिची ओळ झाली का माह्या हातावर थापट मारा. मंग मी घेतो."

शकुनची ओळ झाली. खुशालरावांनी थाप दिली. जाईबाईंनी गाणं उचललं. आवाज वरखाली जात होता, स्वतःचा स्वतःला ऐकू येत नसल्यावर जाणारच. पण शब्द पक्के होते, आणि ओळ बरोबर शकुनने ठेवलेल्या जागेत बसत होती. पुन्हा शकुन, थाप, पुन्हा जाई. घागरीचं गाणं झालं, दुसरं झालं. एवढी वर्षं या दोघी हे म्हणत आल्या, आणि आपण तेव्हा कुठे होतो? खुशालरावांना काही आठवेना. दोघी बहिणी आज जोडीने म्हणत होत्या आणि ऐकायला ते एकटे होते.

तिसऱ्या गाण्यात मध्येच शकुनचा आवाज अडखळला. एकच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणू लागला, मग खरखर झाली, आणि मशीन थांबलं. खुशालरावांनी एका हाताने बटण दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. चकती फिरली नाही. समोर जाईबाई हात तसाच ठेवून वाट बघत होत्या, त्यांच्या बोटांकडे डोळे लावून.

शकुनला ओळ म्हणायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ खुशालराव थांबले. मग त्यांनी थाप दिली. जाईबाईंनी ओळ घेतली, पुरी केली आणि शकुनसाठी थांबल्या. खोलीत काहीही वाजत नव्हतं. खुशालराव मनात मोजत राहिले आणि थाप दिली. असं करत गाणं शेवटाला गेलं.

जाईबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "शकुन कुठं अटकली नाई न?" त्यांनी विचारलं.

खुशालरावांनी मान हलवली, आणि त्यांना वाचता येईल असे सावकाश ओठ हलवून म्हणाले, "नाई. कुठंच नाई."

"आता पुढचं कोनतं ते मले ठाऊक हाये," जाईबाई म्हणाल्या. "तुमी फक्त ते थांबली का सांगजा."

त्यांनी हात पुन्हा टेबलावर पालथा ठेवला. खुशालरावांनी एक ओळ जाईल एवढा वेळ जाऊ दिला, आणि थाप दिली.